अनंताची खूण : एका समूहचित्राची आणि लाकडी कॅमेऱ्याची तपासणी

या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे जमविण्याचे काम विज्ञान विभागातील आम्हा शिक्षकांकडे सोपविण्यात आले, तेव्हा हे काम चार दिवसांत उरकेल असे आम्हास वाटले होते. पेट्या उघडल्या, वाळवी लागलेले अल्बम झटकले आणि त्यांतून शाळेच्या अगदी आरंभीच्या तुकड्यांपैकी एका तुकडीचे समूहचित्र हाती आले. मधल्या रांगेत खुर्च्यांवर गुरुजन व भंतेजी, त्यांच्या पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेली लहान मुले, मागे जमिनीवर एक आणि बाकांवर एक अशा मोठ्या मुलांच्या दोन रांगा. मोजले तर चौसष्ट जण. यांतील बहुतेक मुले शेतमजुरांच्या घरची. स्टुडिओत जाऊन फोटो काढून घेणे त्या घरांना परवडणारे नव्हते. त्यामुळे कित्येकांच्या बालपणाचे हे एकमेव चित्र होय.

परंतु या चित्रातील चेहरे पुसट आहेत. डोळ्यांच्या जागी सावलीचे ठिपके, ओठांच्या जागी एक करडी रेघ. चित्र पाहावयास आलेले एक ज्येष्ठ माजी विद्यार्थी बराच वेळ चष्मा वरखाली करीत राहिले आणि शेवटी म्हणाले, “सर, हा मीच आहे का, ते आता तुम्हीच सांगा.” या प्रश्नाचे उत्तर आम्हास देता आले नाही. मात्र चित्र असे का झाले, याचे उत्तर शोधता आले. ते शोधताना जे शिकावयास मिळाले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

चित्राविषयी शाळेत वर्षानुवर्षे एकच स्पष्टीकरण सांगितले जात असे : मुले हलली. लहान मुलांची रांग सर्वांत पुसट आहे, त्यामुळे ते सर्वांना पटतही असे. आम्ही घड्याळजीचे भिंग घेऊन चित्र पाहिले, तेव्हा मात्र शंका आली. मूल हलले तर त्याचा चेहरा एका दिशेने ओढल्यासारखा दिसतो, आणि प्रत्येक मूल वेगवेगळे हलते. येथे पुसटपणा सर्व दिशांना सारखा आहे आणि एका रांगेतील सर्वांना सारखाच लागलेला आहे. खुर्चीवर स्थिर बसलेले गुरुजनही त्यातून सुटलेले नाहीत. याउलट मागच्या रांगा पुढच्यांपेक्षा बऱ्या आहेत. आणि त्यांच्याही मागे, सात-आठ मीटरांवर असलेल्या वसतिगृहाच्या भिंतीवरील फलक स्वच्छ वाचता येतो. शेजारच्या लिंबाची पानेसुद्धा मोजावी अशी स्पष्ट आहेत. म्हणजे भिंग चांगले होते, कॅमेरा तिवईवर स्थिर होता, मुलेही बहुधा शहाण्यासारखी बसली होती. तीक्ष्ण प्रतिमा मात्र मुलांवर न पडता त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर पडली होती.

योगायोग असा की, ते चित्र ज्या कॅमेऱ्याने काढले तो कॅमेराही शिल्लक होता. छायाचित्रकारांच्या कुटुंबीयांनी तो आमच्या प्रयोगशाळेस भेट दिला. सागवानी पेटी, कातडी भाता, पितळी पट्ट्या आणि मागे दुधी काच. तरुण वाचकांसाठी सांगावयास हवे की, या कॅमेऱ्यात भिंगातून आलेली प्रतिमा आधी दुधी काचेवर उलटी उमटते. छायाचित्रकार डोक्यावर काळे कापड घेऊन ती पाहतो, भिंग पुढेमागे सरकवून ती स्पष्ट करतो आणि मग दुधी काचेच्या जागी काचपट्टीचा किंवा फिल्मचा होल्डर सरकवतो. असे कॅमेरे परदेशांतून येत, तसे आपल्याकडेही बनत. केरळातील आलप्पुळा येथे के. करुणाकरन यांनी ‘वागीश्वरी’ नावाचे असे लाकडी कॅमेरे तयार केले आणि ते दूरदूरच्या स्टुडिओंत पोहोचले. आमच्या कॅमेऱ्यावर मात्र निर्मात्याची पट्टी राहिलेली नाही. भिंग २१० मिलिमीटर नाभीय अंतराचे आणि काचपट्टी हाफ प्लेट, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांची, एवढेच निश्चित सांगता येते.

अशा कॅमेऱ्याची तपासणी ‘अनंता’पासून सुरू होते. शब्द मोठा आहे, पण कल्पना दहावीच्या प्रयोगवहीतील आहे. दूरच्या झाडाची प्रतिमा बहिर्वक्र भिंगाने भिंतीवर किंवा कागदावर पाडावयाची आणि भिंगापासून प्रतिमेपर्यंतचे अंतर मोजावयाचे, हा प्रयोग आपल्यापैकी बहुतेकांनी केलेला आहे. फार दूरच्या वस्तूकडून येणारे किरण भिंगापाशी जवळजवळ समांतर असतात आणि ते नाभीवर एकत्र येतात. छायाचित्रकार या स्थितीला अनंतावरचा फोकस म्हणतात. वस्तू जवळ आली की भिंग नाभीय अंतराहून थोडे पुढे काढावे लागते. किती पुढे, हे सूत्राने काढता येते : नाभीय अंतराच्या वर्गाला, वस्तूच्या अंतरातून नाभीय अंतर वजा करून आलेल्या संख्येने भागावे. आमच्या भिंगासाठी वीस मीटरांवरील वस्तूकरिता सुमारे २.२ मिलिमीटर, दहा मीटरांवरील वस्तूकरिता ४.५ मिलिमीटर आणि पाच मीटरांवरील वस्तूकरिता ९.२ मिलिमीटर.

यावरून लक्षात येईल की, अनंत हा या मोजपट्टीचा शून्य आहे. शून्याची खूण चुकली तर पुढची प्रत्येक खूण चुकते. दिवसाउजेडी दुधी काचेवर पाहून काम भागते, तेव्हा पट्टीवाचून अडत नाही, हे खरे. परंतु अंधारात अडते.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही, कारण ते आपल्या गावाशी निगडित आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदवून भिक्खुसंघास दान दिले, असे त्या लेण्यातील शिलालेखावरून कळते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम १८४४ साली मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याकडे आले. त्यांनी वर्षानुवर्षे तेथे राहून केलेली मोठी तैलचित्रे १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जवळजवळ सर्व जळाली. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांतीलही पुष्कळशा १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. गिल यांची छायाचित्रे मात्र टिकली. १८६४ साली जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्यांचा लेण्यांच्या छायाचित्रांचा ग्रंथ निघाला. त्यानंतर हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व विभागाचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात छायाचित्रांवर आधारित ‘अजंठा’ हा ग्रंथ चार भागांत प्रसिद्ध केला. गिल यांची समाधी भुसावळला आहे. तेथून येता-जाता कुणी थांबावे, अशी आमची सूचना आहे.

लेण्याच्या आत मोठा कॅमेरा लावला की दुधी काचेवर जवळजवळ काहीच दिसत नाही. अशा वेळी भिंतीजवळ दिवा ठेवून त्याच्या ज्योतीवर फोकस करावा लागतो. नाही तर फितीने अंतर मोजून भिंग पट्टीवरील खुणेवर आणावे लागते. दुसरी पद्धत सोपी, पण तिचा सारा भरवसा त्या शून्यावर असतो. पट्टी दोन मिलिमीटरांनी चुकलेली असेल, तर वीस मीटरांच्या खुणेवर लावलेला कॅमेरा प्रत्यक्षात जवळजवळ अनंताकडे पाहत असतो. समोरचे चित्र त्याला दिसतच नाही.

आता आमच्या कॅमेऱ्याकडे वळू. अनंताची खूण लावण्याआधी एक गोष्ट पाहावी लागते, आणि नेमकी तीच बहुतेक जण पाहत नाहीत. दुधी काचेचा खरखरीत पृष्ठभाग आणि होल्डरमधील फिल्मचा पृष्ठभाग भिंगापासून अगदी समान अंतरावर आले पाहिजेत. डोळा काचेवर पाहतो, चित्र फिल्मवर उमटते. दोहोंत फरक असेल तर डोळ्याने केलेली सारी मेहनत वाया जाते. चार बाय पाच इंचांच्या होल्डरसाठी अमेरिकेत प्रमाण ठरलेले आहे : फिल्मच्या मागील पाठीपर्यंतची खोली ०.१९७ इंच, म्हणजे पाच मिलिमीटर, आणि त्यात ०.००७ इंचांपर्यंत कमीजास्त चालते. जुन्या लाकडी होल्डरांना असे कोणतेही प्रमाण लागू नसे. सुतार आणि छायाचित्रकार यांच्यात जे ठरेल ते. म्हणून होल्डर त्याच कॅमेऱ्यावर ताडून पाहावा लागतो.

आम्ही भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतील व्हर्निअर कॅलिपर घेतला. त्याच्या मागील टोकातून निघणारी बारीक पट्टी खोली मोजण्यासाठीच असते, पण ती वापरण्याचा प्रसंग वर्गात क्वचित येतो. होल्डरवर सरळ धार ठेवून काचपट्टीच्या पृष्ठभागापर्यंतची खोली पाच ठिकाणी मोजली : चार कोपरे आणि मध्य. मग कॅमेऱ्याच्या मागील चौकटीत दुधी काचेची खोली तशीच मोजली. बैठकीपर्यंतची दोन्ही मापे जुळली. आम्ही निराश झालो. चूक सापडली नव्हती.

ती सापडली नववीतील एका विद्यार्थिनीच्या बोटांना. काच पुसताना ती सहज म्हणाली, “बाई, ही काच बाहेरून खरखरीत आहे.” दुधी काचेची खरखरीत बाजू भिंगाकडे असावी लागते. येथे ती छायाचित्रकाराकडे होती. आमचा कॅलिपर काचेच्या गुळगुळीत बाजूपर्यंत मोजत होता, आणि प्रतिमा मात्र पलीकडच्या बाजूवर दिसत होती. मूळ काच कधीतरी फुटली असावी आणि नवी बसविणाऱ्याने ती उलटी बसविली असावी. उलटी काच हाताला स्वच्छ लागत नाही, पण डोळ्याला काहीच वावगे दिसत नाही. प्रतिमा नेहमीसारखीच स्पष्ट होते. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे लपून राहू शकते.

काचेची जाडी भरली ३ मिलिमीटर. म्हणजे चूक ३ मिलिमीटरांची असावी, असे प्रथम वाटते. पण प्रकाश काचेतून जाताना वाकतो, त्यामुळे प्रतिमा जाडीच्या सुमारे एक तृतीयांश मागे सरकते. काचेचा अपवर्तनांक १.५ धरला तर निव्वळ चूक उरते २ मिलिमीटरांची. आता समूहचित्राचा हिशेब मांडू. मधली रांग कॅमेऱ्यापासून सुमारे दहा मीटरांवर. छायाचित्रकारांनी काळ्या कापडाखाली पाहून भिंग अचूक लावले, म्हणजे अनंतापासून ४.५ मिलिमीटर पुढे. परंतु फिल्म भिंगाच्या २ मिलिमीटर अधिक जवळ होती. तिच्या दृष्टीने भिंग केवळ २.५ मिलिमीटर पुढे आलेले होते. सूत्र उलटे फिरवले तर २.५ मिलिमीटरांना उत्तर येते सुमारे अठरा मीटर. आणि अठरा मीटरांवर काय होते? वसतिगृहाची भिंत आणि तो फलक.

हा आकडा फळ्यावर आला, तेव्हा वर्गात काही क्षण कुणी बोलले नाही.

मग त्या छायाचित्रकारांची इतर चित्रे चांगली कशी, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी लगेच विचारला, आणि तो योग्यच होता. भिंगाचे छिद्र जितके लहान, तितकी फोकसची चूक अधिक पोटात घातली जाते. एफ २२ वर दोन मिलिमीटरांच्या चुकीने एका बिंदूचा ठिपका ०.०९ मिलिमीटरांचा होतो. एवढा डोळ्याला खपतो. एफ ८ वर तोच ठिपका पाव मिलिमीटरचा होतो. समूहचित्रात मुलाचा चेहरा जेमतेम तीन मिलिमीटर रुंद आहे. डोळा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्यावर पाव मिलिमीटरची सरमिसळ झाली की ओळख जाते. चित्रातील सावल्या लांब आहेत, म्हणजे दिवस कलला होता. उजेड कमी, समोर चुळबुळ करणारी मुले, तेव्हा छिद्र उघडून कमी वेळात चित्र घेणे हाच शहाणपणा होता. एऱ्हवी भर उन्हात छिद्र लहान ठेवून काम करणाऱ्या त्या कसबी माणसाला आपल्या कॅमेऱ्यातील दोष कधी कळलाच नसावा. त्यांनी जे करावयास हवे होते तेच केले. कापडाखालून त्यांना या मुलांचे चेहरे अगदी स्वच्छ दिसले असणार. लहान मुलांवर आलेला आळही आम्ही या निमित्ताने मागे घेतो. ती फिल्म ज्या अंतरावर पाहत होती, तेथून सर्वांत दूर पुढची रांग होती, म्हणून ती सर्वांत पुसट.

काच उलटवून बसविली. आता अनंताची खूण नव्याने लावणे आले. कॅमेऱ्याच्या तळपट्टीवर पूर्वीच्या मालकांनी स्क्रूने बसविलेली पितळी अटक होती. भिंगाची चौकट तिला टेकली की अनंत. ही अटक उलट्या काचेवर पाहून बसविलेली असल्याने निरुपयोगी होती.

पहिल्या दिवशी आम्ही शाळेच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरला. टाकी दीडशे मीटरांवर. नजरेला ती पुरेशी दूर वाटते, पण आमच्या भिंगासाठी दीडशे मीटर म्हणजे अनंतापासून ०.२९ मिलिमीटर अलीकडे. भिंगाचे छिद्र पूर्ण उघडल्यास एफ ६.३ होते, आणि त्यावर सहा दशांश मिलिमीटरांची चूक कशीबशी खपते. म्हणजे जवळजवळ अर्धी सूट आरंभीच खर्ची पडली असती. तीन किलोमीटरांवरील टेकडीचा मोबाइल टॉवर घेतला, तेव्हा हे अंतर दोन शतांश मिलिमीटरांपेक्षाही कमी झाले. त्याची काळजी करण्याचे कारण नाही. भिंग जितके लांब तितकी वस्तू दूर हवी, कारण चूक नाभीय अंतराच्या वर्गाने वाढते.

वेळही निवडावी लागते. आपल्याकडे फाल्गुनानंतर सकाळी दहा वाजल्यापासून जमीन तापू लागते आणि दूरचा टॉवर पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखा थरथरतो. अशा टॉवरवर फोकस करणे म्हणजे वाऱ्यावरच्या दोऱ्यात सुई ओवणे. आम्ही थंडीत, धुके विरल्यावर आणि ऊन चढण्यापूर्वी काम केले. रात्री चंद्रावरही पडताळा घेतला. त्याचे बिंब काचेवर दोन मिलिमीटरांहून थोडे लहान दिसते, पण त्याची कड इतकी धारदार असते की फसगत होत नाही.

छिद्र पूर्ण उघडे ठेवून भिंग प्रथम पुढून मागे आणि मग मागून पुढे आणले. डोळा ज्या बाजूने येतो त्या बाजूला थोडा लवकर समाधान मानतो, म्हणून दोन्ही बाजूंची स्थाने टिपून मध्य घ्यावयाचा. असे दहा वेळा केले. निरनिराळ्या विद्यार्थ्यांनी केले. त्यानंतर टॉवर काचेच्या डाव्या व उजव्या कडेला आणून पाहिला. एका कडेला तो स्पष्ट आणि दुसरीकडे पुसट असेल, तर भिंगाची फळी तिरकी आहे असे समजावे. आमची तिरकी होतीच. एका बाजूला पातळ पितळी पत्र्याची चकती घालून ती सरळ केली आणि सारी मोजणी पुन्हा केली. मुलांनी कुरकुर केली, हेही नमूद करावयास हवे.

नवी जागा जुन्या अटकेच्या १.९ मिलिमीटर पुढे आली. काचेच्या जाडीवरून काढलेला अंदाज २ मिलिमीटरांचा होता. दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचल्यामुळे निदानाबद्दल आमची खात्री पटली. अखेरीस होल्डरमध्ये साधा फोटोचा कागद लावून टॉवरचे चित्र घेतले, कारण फिल्म महाग आहे आणि या कामासाठी कागद पुरतो. टॉवरच्या आडव्या पट्ट्या वेगवेगळ्या मोजता आल्या. मगच अटक घट्ट केली.

ज्यांच्याकडे मोकळे क्षितिज नाही, त्यांच्यासाठी घरातही करता येण्याजोगी एक युक्ती आहे. दुधी काचेच्या भिंगाकडील बाजूवर पेन्सिलीने फुली काढावी, मागून टॉर्चचा उजेड पाडावा आणि भिंगासमोर चांगला सपाट आरसा धरावा. काच नाभीवर असेल तर फुलीवरून निघालेले किरण भिंगातून समांतर बाहेर पडतात, आरशावरून परततात आणि फुलीची प्रतिमा फुलीशेजारीच स्पष्ट उमटते. आरसा हा घरातला अनंत होय. लाकूड पावसाळ्यात फुगते, त्यामुळे खूण एकदा लावली म्हणजे कायमची झाली असे नाही. आम्ही आषाढात पुन्हा तपासणार आहोत.

राहिला प्रश्न त्या चौसष्ट चेहऱ्यांचा. पुसट चित्र संगणकावर काही अंशी सावरता येते, कारण ठिपक्याचा आकार आता आम्हास ठाऊक आहे. मागच्या दोन रांगांत त्याने थोडा फरक पडला. हल्ली असेही प्रोग्राम निघाले आहेत की, ते पुसट जागी डोळे, नाक, ओठ भरून एक तजेलदार चेहरा तयार करून देतात. एका हितचिंतकांनी तसे करून आणलेही. चित्र सुंदर होते, पण त्यातली मुले आमची नव्हती. संगणकाने ती कुठल्यातरी दुसऱ्याच चेहऱ्यांवरून रचली होती. ते आम्ही छापलेले नाही. मूळ चित्र जसे आहे तसेच पुढील पानावर दिले आहे. सोबत प्रत्येक आकृतीस क्रमांक दिलेला रेखाटनाचा आराखडा आहे.

चेहऱ्याने ओळख पटत नसली तरी बसण्याच्या जागेवरून, शेजाऱ्यावरून, सदऱ्याच्या पट्ट्यांवरून पुष्कळांची पटली आहे. वर उल्लेखिलेले ज्येष्ठ माजी विद्यार्थी आता निश्चितपणे क्रमांक २३ आहेत. त्यांच्या खांद्यावर हात ठेवलेल्या मित्राने ते सांगितले. पहिल्या रांगेतील क्रमांक ४, ७ आणि ११ अद्याप अनोळखी आहेत. क्रमांक ७ च्या पायात चपला नाहीत आणि हातात पाटी आहे. या तिघांविषयी कुणास काही आठवत असल्यास शाळेच्या कार्यालयात कळवावे. मेळाव्याच्या दिवशी सकाळी आठ वाजता त्याच भिंतीसमोर हाच कॅमेरा लावलेला असेल. चित्रातील जे येऊ शकतील त्यांनी शक्यतो आपल्या जुन्या जागी बसावे.